कोकणात कॅम्पर व्हॅन उभी करायची कुठे? रस्ता, बंदर, वाळू आणि सडा

कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात पहिल्यांदा उतरणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: रात्री रस्त्याच्या कडेला गाडी लावून आत झोपलं तर चालतं का? 'चालतं' किंवा 'चालत नाही' असं एका ओळीत सांगणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. कायद्याच्या लेखी तुमची गाडी म्हणजे उभं केलेलं एक वाहन. ते कुठे, कसं आणि किती वेळ उभं आहे, एवढंच पोलीस बघतात. पण कोकणात त्याच्याही आधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे चाकाखालची जमीन कोणाची? एकाच किलोमीटरमध्ये ती नगरपरिषदेची, सागरी मंडळाची, वनखात्याची, देवस्थानाची आणि कुणा भावकीतल्या बारा खातेदारांची असू शकते. परवानगी कोणाकडे मागायची, पावती कोण फाडणार आणि रात्री अकराला काच कोण ठोठावणार, हे सगळं त्यावर ठरतं.

निघण्याआधी: आरसी, लायसन्स आणि मोजपट्टी

आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते आधी वाचा. कारखान्यातून किंवा मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडून आलेली कॅम्पर 'मोटर कॅरॅव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' म्हणून नोंदलेली असते. तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ट्रॅव्हलर किंवा मालवाहू व्हॅन घेऊन सुताराकडून पलंग-ओटा बसवून घेतला असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. मूळ रचनेत बदल केला की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. नाक्यावर तेरा सीटांची नोंद आणि आत दोन पलंग दिसले, की पार्किंगची साधी चौकशी भलत्याच वळणावर जाते. अपघात झाला तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवते.

चालकासकट भाड्याने घेतलेली व्हॅन पिवळ्या पाटीची असायला हवी, स्वतः चालवायला घेतलेली असेल तर काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी 'ओळखीने' भाड्याने देत असेल तर घेऊ नका. अडकलात की ती ओळख फोन उचलत नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स पुरतं. परराज्यातली नोंदणी असेल आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहणार असेल, तर कलम ४७ प्रमाणे नवी नोंदणी करावी लागते.

मग मोजपट्टी काढा. लांबी मागच्या सायकल-कॅरियरसकट, रुंदी दोन्ही आरसे उघडून, उंची छतावरच्या एसी आणि सोलर पॅनेलसकट मोजा. तिन्ही आकडे मीटर आणि फूट अशा दोन्हींत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. कारसाठी आखलेली जागा साधारण ५ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असते. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली व्हॅन तिच्यात बसत नाही, मीटर-दोन मीटर मागे उरते. ते उरलेलं शेपूट रस्त्यात आलं की चलन, हे गणित साधं आहे. उंचीचा आकडा कोकणात रोज लागतो: घराकडे जाणारी लोंबती सर्व्हिस वायर, रस्त्यावर वाकलेली फणसाची फांदी, मांडवाची कमान. वायर दिसली तर साथीदाराला खाली उतरवून बघायला लावा. मात्र काठीने वायर वर उचलायला कोणालाही सांगू नका.

जमीन कोणाची, हे ओळखायचं कसं

शहरातला रस्ता असेल तर नगरपरिषद किंवा नगरपंचायत. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी इथे नगरपरिषदा आहेत. दापोली, गुहागर, लांजा, देवगड-जामसंडे, कुडाळ, कणकवली इथे नगरपंचायती. पार्किंगची जागा ठरवण्याचा अधिकार कलम ११७ खाली राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे असतो आणि तो स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने वापरला जातो. अंमलबजावणी जिल्हा पोलिसांची वाहतूक शाखा करते. त्यामुळे शहरात 'इथे लावू का?' हे नगरपरिषदेच्या माणसाने सांगितलं तरी चलन फाडणारा वेगळा असतो, हे ध्यानात ठेवा. अनेक दिवस राहायचं असेल किंवा चार-पाच गाड्यांचा ताफा असेल, तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. गाड्यांचे नंबर, तारखा, जागा, आणि 'सांडपाणी व कचरा जागेवर टाकणार नाही' ही ओळ त्यात असू द्या. पोच घ्या आणि तिची प्रत पोलीस ठाण्यात द्या.

गावात ग्रामपंचायत. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, दिवेआगर, काशीद, नागाव, तारकर्ली ही पर्यटकांची मोठी ठिकाणं आजही गावंच आहेत. पार्किंगची किंवा स्वच्छतेची पावती घेतली म्हणजे मुक्कामाची परवानगी मिळाली असा अर्थ होत नाही. पावती देणाऱ्या पोराला थेट विचारा: "रात्री गाडीतच झोपणार, चालेल ना?" तो नाही म्हणाला तर सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) किंवा पोलीस पाटील यांना फोन लावायला सांगा. कोकणातल्या गावात पोलीस पाटलाला कळवून ठेवणं हे कुठल्याही अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

बंदर आणि जेट्टीचा परिसर महाराष्ट्र सागरी मंडळाचा किंवा मत्स्यव्यवसाय खात्याचा. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, सर्जेकोट इथे मासे उतरतात. हर्ण्याला लिलावाच्या वेळी बैलगाड्या, टेम्पो आणि बर्फाच्या गाड्या यांना वळायला जागा लागते. दुपारी रिकामं दिसणारं मैदान संध्याकाळी भरतं. किनाऱ्यावर मासळी वाळत घालायच्या जागा असतात. तिथे गाडी लावणं म्हणजे कोणाच्या तरी दुकानाच्या फळीवर बसणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. तेव्हा किनाऱ्याची मोकळी जागा आणखी कमी होते.

सुरूचं बन बरेचदा वनखात्याचं. सावली सुरेख, गाडी आत घालायचा मोह होतो. पण सुरूच्या सुयांचा वाळका थर ठिणगीने पेटतो, आणि वनजमिनीवर चूल मांडली तर प्रकरण वाहतूक पोलिसांच्या हातात राहत नाही.

सडा ही खास कोकणी फसगत. जांभ्याचा मैलभर पसरलेला उघडा कातळ, ना कुंपण ना पाटी. बघणाऱ्याला वाटतं सरकारी असेल. प्रत्यक्षात तो खासगी असतो आणि सातबारावर वीस-पंचवीस नावं सामाईक असतात. एकाने 'लावा की' म्हटलं तरी दुसरा सकाळी जाब विचारायला येऊ शकतो. महाभूमीच्या महाभूलेख संकेतस्थळावर गट नंबर टाकून सातबारा फुकट बघता येतो. तेवढा खटाटोप नको असेल तर सड्यावर न लावलेलंच बरं. शिवाय रत्नागिरी, राजापूर, लांजा, देवगड भागांतल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे ही त्यांतली माहितीतली नावं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. चिरेबंदी कठडा नसलेली शिल्पं डोक्यावरच्या उन्हात दिसतसुद्धा नाहीत आणि टायर त्यांच्यावरून जातो. सड्यावर रस्ता सोडायचा नाही, हा नियम पाटी नसली तरी पाळा.

शहरात शिरल्यावर

दोन पाट्या नीट ओळखा. निळ्या गोलात लाल कड आणि एकच तिरपी रेघ म्हणजे नो पार्किंग: चालक बसून, माणसं उतरवून निघालात तर ठीक. दोन रेघांची फुली म्हणजे थांबायचंच नाही, इंजिन चालू असलं तरी. पाटीखालच्या छोट्या पट्टीवर बाण, अंतर किंवा वेळ असते. ती वाचल्याशिवाय गाडी सोडू नका. काही बाजारपेठांत सम-विषम पार्किंग असतं. पी-१ म्हणजे विषम तारखेची बाजू, पी-२ म्हणजे सम तारखेची. मुक्कामी गाडीला यात मोठा खड्डा असा, की रात्री बाराला तारीख बदलते आणि झोपेत तुम्ही चुकीच्या बाजूला जाता.

पाटी नसली तरी २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांप्रमाणे काही जागा कायमच्या बंद आहेत: चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत, पदपथावर, पादचारी पट्ट्यांवर, बस थांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या तोंडाशी, कोणाच्याही फाटकासमोर, उभ्या गाडीला समांतर दुसरी रांग करून, किंवा समोरासमोर दोन गाड्या उभ्या राहून रस्ता अडेल अशा ठिकाणी. रत्नागिरीची रामआळी किंवा मालवणची बाजारपेठ यांसारख्या रस्त्यांवर ही यादी लावून पाहिली तर व्हॅनला जागा जवळपास उरतच नाही. म्हणून सल्ला असा: व्हॅन बाजारपेठेत नेऊच नका. बाहेर पेट्रोल पंप, मंगल कार्यालय किंवा मोठ्या मैदानाजवळ विचारून लावा आणि रिक्षाने आत जा. रिक्षाचं भाडं चलनापेक्षा नेहमी कमी असतं.

वेळेचा हिशेब मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये आहे. सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ बेवारस राहिलेलं वाहन, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेलं वाहन, गणवेशातला पोलीस अधिकारी ओढून नेण्याचा किंवा जॅमर लावण्याचा आदेश देऊ शकतो. खर्च मालकाचा. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. आत माणूस झोपलाय म्हणून गाडी बेवारस ठरत नाही हे खरं, पण जागाच मनाईची असेल तर आत कोण आहे याने काही फरक पडत नाही. गाडी धोकादायक स्थितीत सोडली तर कलम १२२ लागतं. साध्या पार्किंगच्या गुन्ह्याला कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

गाडी लावणं वेगळं, संसार मांडणं वेगळं

बहुतेक भांडणं इथे होतात. दार बंद, पडदे ओढलेले, आत माणसं झोपलेली, बाहेर काही नाही: हे पार्किंग. ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर) उघडली, खुर्च्या मांडल्या, दोरीवर टॉवेल वाळत घातले, शेगडी रस्त्यावर आली: हा रस्त्यावरचा अडथळा. त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा आणि नगरपरिषदेचं अतिक्रमण पथक, दोन्ही लागू होतात. शहरातल्या रस्त्यावर गाडीच्या चौकटीबाहेर काहीही काढायचं नाही. पायरीसुद्धा उतरल्यावर आत ढकला, अंधारात मोटारसायकलवाला तिलाच धडकतो.

जनरेटर रस्त्यावर लावूच नका. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्र आहे आणि निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. छोटा जनरेटरही ती सहज ओलांडतो. आत झोपून इंजिन चालू ठेवून एसी लावणं तर जिवाशी खेळ, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. रात्री दोन वाजता पोलीस म्हणाले 'गाडी हलवा', तर ती हलवण्याच्या स्थितीत एक लायसन्सवाला माणूस शुद्धीत असायला हवा. सगळ्यांनी घेतली असेल तर गाडी हलवली तरी गुन्हा आणि नाही हलवली तरी गुन्हा. गाडीच्या दारात बसून बाटली उघडणं हाही महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचा, १९४९ चा, विषय आहे. 'गोव्याला चालतं' हे उत्तर बांद्याच्या अलीकडे उपयोगाचं नाही.

गावातला मुक्काम, क्रमाने

एक. उजेड असताना पोचा, म्हणजे मावळतीच्या तासभर आधी. अंधारात गडग्याची (दगडी कुंपणाची) कड, गटार आणि मऊ साइडपट्टी दिसत नाही. कोकणात डांबराच्या बाहेरचा अर्धा मीटर हा भरवशाचा नसतो, पावसानंतर तर अजिबात नाही.

दोन. आधी चालत जा. वळायची जागा, वायर, झाडं आणि चढ पाहा. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) सुरू झाली की चाक संपलं.

तीन. माणसाला विचारा. घराचं खळं रिकामं दिसलं तरी त्यावर चाक घालू नका. सारवलेल्या खळ्याचा पापुद्रा दोन टनाखाली उखडतो आणि तो पुन्हा करायला त्या घराचे दोन दिवस जातात. निवास-न्याहारी योजनेतली घरं आणि एमटीडीसीची गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली, वेळणेश्वर, कुणकेश्वर इथली निवासस्थानं यांना आधी फोन करून 'गाडी उभी करायला, एक प्लग, आणि सकाळी न्हाणीघर' एवढंच मागा. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. सगळीकडे असे पार्क तयार मिळतील या भरवशावर मात्र बेत आखू नका.

चार. शेवटच्या थांब्याचं मैदान सोडा. कोकणातल्या कितीतरी गावांत रात्री वस्तीची एसटी येते, तिथेच मुक्काम करते आणि भल्या पहाटे निघते. देवळासमोरचं किंवा शाळेजवळचं ऐसपैस वळण दिसलं की नवख्याला वाटतं, देवानेच जागा दिली. ती एसटीची असते. बसला वळायला पंधरा-वीस मीटर मोकळं लागतं, आणि पहाटे साडेपाचच्या गाडीने मुंबईला जाणारा, दवाखान्याला जाणारा, कॉलेजला जाणारा सगळा गाव तुमच्या काचेवर टकटक करतो. 'वस्तीची गाडी कुठे लागते?' हा प्रश्न विचारल्याशिवाय झोपू नका.

पाच. गाडी सपाट करा. मोबाइलमधला लेव्हल चालतो. गॅसवर चालणारा फ्रीज असेल तर दोन-तीन अंशांपलीकडच्या उतारावर तो थंड होत नाही आणि खराब होतो. कॉम्प्रेसरच्या फ्रीजला एवढी चिंता नाही. गिअरमध्ये ठेवा आणि उताराकडच्या चाकांखाली ठोकळे द्या. खाऱ्या दमट हवेत चार-पाच दिवस ओढलेला हँडब्रेक गंजून चिकटतो, म्हणून लांबच्या मुक्कामात सपाटीवर फक्त ठोकळ्यांवर भिस्त ठेवलेली बरी. तोंड बाहेर पडायच्या दिशेला करून ठेवा.

सहा. वर बघा. माडाखाली गाडी लावायची नाही. यात अपवाद नाही. सोललेला नसलेला नारळ दीड किलोच्या आसपास भरतो, सुकलेली झावळ पाच-सहा मीटर लांब असते, आणि दोन्ही पडताना आवाज पडल्यानंतरच येतो. सोलर पॅनेल आणि पुढची काच, दोन्हींचा खर्च मुक्कामाच्या भाड्याच्या कितीतरी पट आहे. फणसाखाली जानेवारी ते जून तोच प्रकार.

सात. रात्री उतरताना बूट आणि बॅटरी. जांभ्याच्या माळावर फुरसं (विषारी साप) सर्रास असतं, रंग मातीचाच, आणि चप्पल त्याच्यापुढे काही कामाची नाही.

वाळू आणि भरती

पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) गाडी घालायची नाही, हे पहिलं आणि शेवटचं. किनाऱ्यावर वाहन नेल्याबद्दल रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही जिल्ह्यांत गुन्हे नोंदले जातात. त्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. टायरच्या खोल चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही आणि गाडीच्या दिव्याकडे उलटं फिरतं. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. या गावांत समुद्राच्या बाजूचे पडदे लावा आणि ऑनिंगचा दिवा बंद ठेवा.

पुळणीच्या वर, खाडीकाठी किंवा उतारावर लावणार असाल तरी भरती कळायलाच हवी. जुना हिशेब आजही चालतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचार आणि पहाटेही त्याच सुमारास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून अॅपमधल्या वेळेशी ताडून पाहा. उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वात जोरात येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं. भांगाच्या दिवशी कोरडी दिसलेली खाडीकाठची जागा आठवड्याने उधाणाला गुडघाभर पाण्यात असते. उधाणाची खूण ओळखायला सोपी: कुजकं शेवाळ, शिंपले, थर्माकोल आणि काटक्यांची रेघ. त्या रेघेच्या वर कमीत कमी दोन मीटर उंची मिळाली तरच गाडी लावा.

मऊ साइडपट्टीत चाक रुतलंच, तर अॅक्सिलरेटर दाबणं थांबवा; प्रत्येक फेऱ्याला चाक आणखी खाली जातं आणि शेवटी चॅसिस टेकते. हवा निम्म्यापर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हाताने खणा, फूटभर रुंदीच्या फळ्या किंवा झावळ्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. जॅक वाळूत स्वतःच खाली जातो. त्याच्याखाली एक फूट चौरस, इंचभर जाडीचा प्लायवूडचा तुकडा लागतो. हवा पुन्हा भरायला पंप सोबत हवाच. खारं पाणी इंजिनात गेल्याची शंका असेल तर चावी फिरवू नका, ओढून न्या. घरी आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा, ब्रेक ड्रमसकट.

पाणी, मैला, गॅस

एप्रिल-मेमध्ये कोकणात पाण्याची टंचाई असते, पाऊस हजारो मिलिमीटर पडला तरी. दुसऱ्याच्या विहिरीवर किंवा नळावर शंभर लिटरची टाकी भरायला लागण्याआधी विचारा, आणि विहिरीत आपली बादली सोडू नका. शहरात हवा भरायला पंपावर थांबता तेव्हाच डिझेल घेऊन पाणी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

भांड्यांचं पाणी गटारात, आगरात किंवा पऱ्यात (ओढ्यात) सोडायचं नाही, टाकीत साठवा. कॅसेट टॉयलेटची टाकी १५ ते २० लिटरची, दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. ती फक्त शौचालयाच्या भांड्यात, भरपूर पाण्यासोबत, मालकाला सांगून रिकामी करा. फॉर्मल्डिहाइडचं रसायन असेल तर घरगुती सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि महिन्याभराने त्या घराला वास सुटतो. जैविक पूड वापरा. हे एका पाहुण्याने केलं की पुढच्या दहा कॅम्परवाल्यांना त्या गावात 'नाही' ऐकावं लागतं.

घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर गाडीत नको. ५ किलोचा पुरतो, तोही उभा, पट्ट्याने बांधलेला आणि बाहेर हवा जाईल अशा खणात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून डिटेक्टर जमिनीलगत लावा, छताला नाही. घराच्या प्लगवर जोडताना आधी अर्थिंग आणि व्होल्टेज तपासा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावात व्होल्टेज खाली येतं आणि एसीचा कॉम्प्रेसर गरम होऊन बंद पडतो.

फेरीबोट, घाट, सणवार

दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला आणि आगरदांडा–दिघी या फेरीबोटी गाड्या नेतात आणि खाडीचा मोठा वळसा वाचवतात. ओहोटीला रॅम्पचा उतार तीव्र होतो. मागे लांब शेपूट असलेली व्हॅन चढताना सायकल-कॅरियर किंवा टो-हुक घासतो. शक्य तर भरतीची फेरी धरा, आणि बोटीवर चढण्याआधी गॅसचा कॉक बंद करा. जेट्टीच्या रांगेत आदल्या रात्री गाडी लावून झोपायचं नाही, पहिल्या फेरीला रांग तुमच्यामुळे अडते.

घाटात मुक्काम नाही. कशेडी, परशुराम, आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली, कुठलाही असो. पावसाळ्यात दरड येते, आणि राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला उभं राहण्यावर वेगळा कायदा आहे.

गणपतीत मुंबई–गोवा महामार्गावर जड वाहनांना दरवर्षी बंदी निघते. व्हॅन त्यात बसत नसली तरी गावागावातल्या वाड्यांमध्ये चाकरमान्यांच्या गाड्यांनी जागा भरलेली असते. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, तिचा मार्ग विचारून घ्या आणि त्या वाटेतून गाडी बाजूला घ्या. आंगणेवाडीची जत्रा, कुणकेश्वरची महाशिवरात्र, गणपतीपुळ्याची अंगारकी या दिवशी पोलीस पार्किंगची तात्पुरती अधिसूचना काढतात. त्यात जे मैदान दिलंय तिथेच लावायचं, ओळख सांगून पुढे सरकायचं नाही.

पावसाळ्यात कुठे नाही

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि सावित्रीचं महाडात शिरलं, तेव्हा उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. राजापूरचा जवाहर चौक अर्जुना-कोदवलीच्या पुरात जवळजवळ दरवर्षी बुडतो, खेडात जगबुडी. या चार शहरांत जून ते सप्टेंबर नदीकाठच्या सखल भागात रात्री गाडी ठेवायची नाही, मग पार्किंग फुकट असो. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे फुगतं; अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास इशारा आला तर रात्र व्हायच्या आत चढावर जा.

चलन आलं तर

आधी 'महा ट्रॅफिक' अॅपवर गाडीचा नंबर टाकून फोटो, वेळ आणि ठिकाण तपासा. नंबर चुकीचा वाचला गेलाय किंवा पाटीच नव्हती असं वाटत असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. त्यासाठी गाडी लावताना चार फोटो काढून ठेवायची सवय लावा: पुढून, मागून, जवळच्या पाटीसकट, आणि आखलेल्या रेघेपासूनचं अंतर दिसेल असा. पावती मिळाली असेल तर तिचाही. जॅमर लागला असेल तर तो स्वतः काढायच्या फंदात पडू नका, त्यावर लिहिलेल्या वाहतूक शाखेच्या नंबरवर फोन करा. नंबर नसेल तर ११२. ओढून नेलेली गाडी सोडवताना आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी चौघांचीही गरज लागते, डिजिलॉकर चालतं. गाडी ताब्यात घेताना टोइंगची लोखंडी काठी लागून खालची सांडपाण्याची टाकी किंवा बाहेरचा नळ फुटलाय का, ते अंगणातच वाकून पाहा आणि फुटला असेल तर सोडचिठ्ठीवर सही करण्याआधी लिहून घ्या.